तू मान हलवलीस

आमच्या इमारतीत सहा बिऱ्हाडं आहेत आणि नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. आलं तरी पाऊण तास. त्याला जोर इतका कमी की नळाला थेट मोटार लावल्याशिवाय ते खालच्या हौदापर्यंत पोचत नाही. अशी मोटार लावणं नियमात बसत नाही, पण बीड बायपासच्या आमच्या पट्ट्यात ती न लावणारं घर कुणी मला दाखवावं. मी ख्रिस्ती आहे, शाळेत शिकवते, मुलांना नियम सांगते आणि मोटारही लावते. मोटारीच्या पाळ्या ठरलेल्या असतात. ज्याची पाळी त्यानं पाण्याची वाट बघायची, पाणी आलं की बटण दाबायचं, हौद भरला की बंद करायचं. एवढं साधं काम. जुलैमधल्या एका रविवारी ते माझ्याकडे होतं आणि मी ते केलं नाही. तरी मला सांगायचं आहे ते पाण्याचं नाही, त्यानंतर जे झालं त्याचं आहे.

समोरच्या दारात ताई राहतात. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. खुलताबादकडे त्यांची शेती आहे, यजमान सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत, मुलगा बँकेत आहे. चौदा वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुम्ही ते चर्चवाले का?"

मी हो म्हणाले.

"मग कुंकू लावत नाय?"

"नाही."

"आन् संक्रांतीला वाण दिलं तर घेता का?"

"घेते की."

"मग बरंय," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. तेव्हापासून आमचं चांगलं जमलं.

दुसऱ्या वर्षी माझ्या नवऱ्यानं मोटरसायकल काढताना ताईंच्या यजमानांच्या नव्याकोऱ्या गाडीला लांबलचक ओरखडा पाडला. कुणी बघितलं नव्हतं. मीच नवऱ्याला वर पाठवलं, जा आणि सांगून ये. तो कुरकुरत गेला, सांगून आला. त्या दिवसापासून ताईंनी ते गावभर केलं. भाजीवाल्याला, जिन्यात भेटणाऱ्याला, शेतावरून पेरू घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना त्या माझ्याकडे बोट करून सांगायच्या, "हे लोक खोटं बोलत नसतेत. यांच्यात खोटं चालतच नाय." मला ते ऐकून बरं वाटायचं, हे कबूल करते. जरा जास्तच बरं वाटायचं.

माझे वडील गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक होते. लोकांच्या नजरा आपल्यावर असतात, आपण चुकलो की ते आपल्याला नाही, देवाला नावं ठेवतात, असं ते जेवताना, झोपताना, चप्पल घालताना सांगायचे. इतरांची पोरं बोरं चोरायची तेव्हा फक्त बोरं जायची. आम्ही चोरली की देवाचं नाव जायचं. या पाळतीचा मला लहानपणापासून राग होता आणि मोठी झाल्यावर मी तीच पाळत अंगावर दागिन्यासारखी मिरवायला लागले.

तो जुलैचा रविवार महिन्यातला पहिला होता. पहिल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा छोटा पेला, ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून. त्या दिवशी मेजावर पांढरं कापड घालून पेले मांडायचं काम माझ्याकडे होतं. उपासना साडेआठला. पाणी साडेसातला येणार असा आदल्या संध्याकाळी ग्रुपवर मेसेज होता. मी आठपर्यंत थांबले. पाणी आलं नाही. नवरा शेंद्र्याला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. आता काही नऊशिवाय पाणी येत नाही, असं मीच ठरवलं आणि पर्स उचलली.

ताईंचं दार लावलेलं होतं. आत मिक्सर चालू होता. त्यांच्याकडे त्या दिवशी सत्यनारायण होता. मुलाचं लग्न मे महिन्यात झालेलं, लग्नानंतरची पूजा राहून गेली होती. लासूर स्टेशनहून सुनेच्या माहेरची माणसं येणार होती, खुलताबादकडची यांची माणसं येणार होती. दारावर थाप मारून "जरा मोटारीकडं बघा" एवढं म्हणायचं माझ्या मनात होतं. मनात होतं, हे मी नंतर स्वतःला किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही. थाप मारली नाही. खाली रिक्षा उभी होती.

पाणी सव्वाआठला आलं आणि नऊला गेलं.

मी अकराला परत आले तेव्हा ताई, त्यांचे यजमान आणि वरच्या मजल्यावरच्या दोघीजणी मोटारीपाशी उभे होते. ताईंच्या अंगावर नवी साडी होती, पदर खोचलेला होता. घरात पंचवीस माणसं आणि हौदाच्या तळाला वीतभर पाणी.

"मॅडम, मोटार नाय लावली का वो तुम्ही?"

त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं होतं. रागावल्याही नव्हत्या. मी म्हणू शकले असते, चुकलं माझं, विसरले. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या हातात बायबल होतं, आणि मी जिथे जाऊन आले होते ते त्यांना दिसत होतं. माझ्या तोंडून निघालं, "मी सांगून गेले होते ना. तुमच्या सुनेला. म्हटलं, मला उशीर होतोय, पाणी आलं की बटण दाब."

सून वरून कळशी घेऊन उतरत होती. बी.एस्सी. झालेली, बोलायला मोकळी, घरात आल्याला दोन महिने झालेले. ती पायरीवरच थांबली.

"काकू, मला? कधी सांगितलं?"

तिथे मला दुसरी संधी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, दारात. तू मान हलवलीस."

ती काही बोलायच्या आत ताई म्हणाल्या, "व्हय गं, मॅडम कशाला खोटं बोलतील? चौदा वर्षं बघायलेय मी." मग सुनेला म्हणाल्या, "मिक्सरच्या आवाजात ऐकलं नसंल नीट. आन् मान हलवून मोकळी झालीस." सुनेची आई वरच्या कठड्याशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि खाली मान घातली. टँकर मागवला. पूजा दोनला लागली. मी प्रसाद घ्यायला गेले, कारण गेले नसते तर बरं दिसलं नसतं.

त्यानंतर मला फार काही वाटलं नाही. लोक म्हणतात मन खातं. माझं मन काही खात नव्हतं. दात काढताना सुई दिल्यावर गाल जसा होतो, आपलाच असतो पण बोट लावलं तर दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं होतं. मी शाळेत गेले, पेपर तपासले, मेथी निवडली. पुण्याला शिकणाऱ्या मुलीशी फोनवर बोलले. ताई भेटल्या की हसले.

ऑगस्टचा पहिला रविवार आला. भाकर वाटण्याआधी पाळकसाहेब दर वेळी सांगतात की ज्याच्या मनात शेजाऱ्याविषयी काही असेल त्यानं आधी जाऊन समेट करावा, मग मेजाकडे यावं. मी हे लहानपणापासून ऐकते. त्या दिवशी ऐकलं आणि ताट माझ्यापाशी आलं तेव्हा मी भाकर न घेता ते पुढच्या बाईकडे सरकवलं. पेलाही सरकवला. आमच्या मंडळीत हे साधं नाही. मागच्या बाकावरच्यांच्या माना लांब झाल्या. उपासनेनंतर दोघींनी हळूच विचारलं, घरात सगळं बरं आहे ना?

मला वाटलं, मी प्रामाणिक आहे. पापासकट भाकर खाल्ली नाही. हीच माझी शिक्षा आणि ती मी घेतेय. सप्टेंबरात घेतली नाही, ऑक्टोबरात घेतली नाही, नोव्हेंबरात घेतली नाही. पाळकसाहेबांनी सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी सोपी तेवढी मी निवडली होती. चर्चपर्यंत रिक्षानं वीस मिनिटं लागतात. ताईंच्या दारापर्यंत चार पावलं. मी महिन्यातून एकदा वीस मिनिटं जाऊन उपाशी बसायची आणि परत येऊन चार पावलांवरचं दार न वाजवता कुलूप उघडायची. असला मूर्खपणा करायला जन्मापासून चर्चमध्ये बसलेलं माणूसच लागतं.

नवऱ्यानं एकदा विचारलं, "तू घेत का नाहीस?"

"मन साफ नाही."

"मग कर ना साफ," म्हणाला आणि डबा भरायला लागला. तो बोलतो कमी, आणि बोलतो तेव्हा मला त्याचा राग येतो.

दरम्यान समोरच्या घरात काय चाललंय ते मला ऐकू येत होतं. आमच्या भिंती पातळ आहेत. ताई वाईट सासू नाहीत. त्या ओरडत नाहीत, टोमणे मारत नाहीत. फक्त सुनेनं काही सांगितलं की त्या विचारायच्या, "नक्की ना?" गॅस बंद केला म्हणाली की स्वतः जाऊन बघायच्या. दूधवाल्याला उद्या नको सांगितलं म्हणाली की त्या पुन्हा दूधवाल्याला फोन करायच्या. मुलगाही विचारायला लागला, नक्की का? काही हरवलं, काही राहिलं, की सगळ्यांचे डोळे आपोआप तिच्याकडे वळायचे. पाण्याचा विषय आता कुणी काढत नव्हतं. काढायची गरज उरली नव्हती.

तिला शेंद्र्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीचं विचारलं होतं. माझ्या नवऱ्यानंच तिची माहिती तिथे दिलेली. मुलाखत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. ताई जिन्यात मला म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय वो, पण ध्यान नाय. तिथं औषधं, ॲसिडं असतेत. घरातलं सांगितलेलं लक्षात राहत नाय तिच्या, तिथं काय करून ठेवंल? मी नाय म्हटलंय. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणाले, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल ते." असं म्हणणारी ती मीच होते. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर आले.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी सून माझ्याकडे आली. ताईंनी पेरू पाठवले होते. पिशवी ओट्यावर ठेवून ती उभीच राहिली. मी बस म्हणाले तर बसली नाही.

"काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्ही त्या दिवशी मला खरंच सांगितलं होतं ना?"

"नाही, म्हणजे सांगितलंच असेल. आधी मला वाटायचं की नाही सांगितलं. मी यांच्याशी भांडलेसुद्धा त्यावरून. पण आता मला आठवायला लागलंय. तुम्ही दारात उभ्या आहात, मी मान हलवते आहे, असं सगळं दिसतं मला. मग मला भीती वाटते की मी अजून काय काय विसरत असेन. डॉक्टरला दाखवावं का, काकू? आईंना नाही सांगणार मी. तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून तुम्हाला विचारते."

तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. बोटांवर पेनानं बारीक अक्षरात लिहिलं होतं: गॅस, गच्चीचं दार, पाणी. परीक्षेत मुलं कॉपी करतात तसं. तिला स्वतःवर विश्वास उरला नव्हता. तो मी काढून घेतला होता, एका वाक्यात, बायबल हातात धरून.

"मी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "तुझं दार बंद होतं. मी वाजवलं नाही."

ती मग बसली. खुर्चीवर नाही, उंबऱ्यावर. मला वाटलं रडेल, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "आईंना सांगाल?"

"सांगते."

"मुलाखतीच्या आधी सांगाल?"

"सांगते म्हटलं ना," मी म्हणाले, आणि आवाज वर्गात चढतो तसा चढला. लाज वाटत असली की मला आवाज चढवता येतो, दुसरं काही येत नाही.

मी आठ दिवस लावले. एक दिवस ताईंच्याकडे पाहुणे होते, एक दिवस मला ताप आल्यासारखं वाटलं, बाकीच्या दिवसांना कारणच नव्हतं. सून रोज जिन्यात दिसायची. विचारायची नाही, नुसती बघायची. शेवटी मी शनिवारी गेले. दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. म्हणजे मी गेले ती तिच्या मुलाखतीसाठी की माझ्या भाकरीसाठी, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

ताई बाहेरच्या खोलीत बसून शेंगा फोडत होत्या. सून स्वयंपाकघरात होती. मी बसले, ताईंनी चहा सांगितला, चहा आला. मी एका दमात बोलून टाकलं. म्हणाले, ताई, त्या दिवशी मी हिला काहीच सांगितलं नव्हतं. मी विसरले आणि हिच्यावर ढकललं.

ताईंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला ते बघवेना. ते कौतुक होतं.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्ही लई मोठ्या मनाच्या हायेत. हिच्या नोकरीसाठी बोलायलेत ना तुम्ही हे? माझ्या ध्यानात नाय येत का? हिची चूक अंगावर घ्यायलेत." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "तुमच्या येशूनं तसंच केलं होतं ना. तुम्हीच सांगितलं होतं मला एकदा नाताळात. दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घेतलं म्हणून. ते ऐकलं होतं नुसतं. आज बघितलं."

त्या क्षणी सगळं जुळून येत होतं. मी कबुली दिली होती. समेट करायला गेले होते. त्यांनी ऐकलं नाही हा काही माझा गुन्हा नव्हता. ताई बहुतेक सुनेला नोकरीलाही जाऊ देणार होत्या, माझ्या शब्दाखातर. माझं नाव राहणार होतं, देवाचं तर वाढणार होतं. मी कप उचलला आणि चहा प्यायले. खरंच प्यायले. अर्धा कप.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या कपाकडे बघत होती. मग ती वळली आणि आत गेली. आत भांडं आपटलं नाही, नळ सोडला नाही, काहीच आवाज आला नाही.

"ताई, ऐका," मी म्हणाले. "मी मोठ्या मनाची नाही. ती पायरीवर उभी होती, तिचं तोंड मला दिसत होतं. तिनं विचारलं, कधी सांगितलं? आणि मी म्हणाले, तू मान हलवलीस. ते मी ठरवून म्हणाले. ती नवी होती. तिचं कुणी ऐकणार नाही आणि माझं ऐकतील, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाचं नाव मी घेतलं नसतं, ताई. हिचंच घेतलं, कारण हिचं घेता येत होतं."

अशी गोष्ट कुणी दुसऱ्याला वाचवायला रचत नाही. ताईंना ते कळलं. कळताना मी बघितलं. त्यांच्या मांडीवरची परात त्यांनी बाजूला ठेवली, टरफलं झटकली, आणि सुनेला हाक मारली. ती आली. ताई तिला म्हणाल्या, "पाच महिने मी तुला..." सुनेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दोघींच्या मध्ये मला जागा नव्हती, ते बरोबरच होतं. मी उठले.

दारापाशी पोचल्यावर ताईंनी मागून हाक मारली. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि मला त्या हव्या होत्या.

"मॅडम, मी देवाधर्माचं सगळं करते. उपास करते, पूजा करते. पण आतून मला कधी खात्री नव्हती वो. कुणाला बोलले नाय मी हे, घरात पण नाय. तुम्ही राहायला आल्यापासून वाटायला लागलं होतं, की असंल बाबा खरंच कुणीतरी वरती. तुम्हाला बघून वाटायला लागलं होतं." त्या रागावलेल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. "आता मी कुणाकडं बघू?"

"माझ्याकडे बघू नका, ताई," मी म्हणाले.

"नाय बघणार," त्या म्हणाल्या, आणि सुनेनं येऊन हळूच दार लावून घेतलं.